गाईडला तिसरा फोन करू नका

(दारव्हा तालुक्यातल्या एका कास्तकार वडिलांचं पत्र आहे. मुलगी नागपूरला पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्रीत एमडीएस या दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. थिसिसचा विषय: दंतवैद्यकातल्या सिस्टिमॅटिक रिव्ह्यूंची, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून एकत्र मांडणाऱ्या पेपरांची, रिपोर्टिंग क्वालिटी तपासणं; म्हणजे काय केलं ते त्यात नीट लिहिलंय का ते पाहणं. वडील लिहितात, "ना पेशंट, ना मशीन. दुसऱ्यायचे पेपर वाचते अन् टिकमार्क करते. हे काय संशोधन झालं? फीसाठी दोन एकर वावर गेलं. विषय बदलून द्या म्हणून गाईड मॅडमले दोनदा फोन केला. पाव्हण्यायले काय सांगू? पुढं तिचं क्लिनिक होईल का?" खाली मुलीच्या चार ओळी: ६० रिव्ह्यू घेतले, प्रत्येकाला प्रिझ्माच्या (रिव्ह्यूत काय-काय लिहिलेलं असावं याच्या यादीच्या) २७ मुद्द्यांपैकी मार्क दिले, २० च्या वर 'चांगला' धरला, पण माझे आणि माझ्या मैत्रिणीचे मार्क जुळत नाहीत.)

भाऊ, पत्र थिसिसबद्दल आहे असं वरवर वाटतं. मला त्यात दोन एकरच दिसले. पूर्ण पत्रात वावराचा उल्लेख तीनदा आलाय, मुलीला हा विषय कसा वाटतो याचा एकदाही नाही. तिला स्वतःचं म्हणणं कागदाच्या तळाशी, उरलेल्या जागेत लिहावं लागलं. वावर गेल्याचं दुःख लहान नाही. पण ते विकायचं तुम्ही ठरवलं होतं. दर फोनला त्याची आठवण काढली की ती फेडायला बसते, आणि फेडणारा माणूस घाई करतो. या कामात घाई सगळ्यात आधी उघडी पडते, कारण कामच मुळी दुसऱ्यांची घाई शोधण्याचं आहे.

आणि ते फोन. तुमची मुलगी बीडीएस झालेली, नोंदणी असलेली दंतवैद्यक आहे. तिच्या वतीनं बापानं गाईडशी बोलायचं म्हणजे अख्ख्या विभागात तिला दहावीची पोर करून ठेवायचं. मॅडम तुमच्याशी नीट बोलल्या असतील, पण त्याची किंमत तिनं दुसऱ्या दिवशी मोजली असेल. तिसरा फोन करू नका. 'आता करणार नाही' एवढं मुलीला सांगा.

शिवाय विषय बदलणं म्हणजे मोबाईलचं सिम बदलणं नव्हे. मंजूर सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) रद्द करून नवा लिहायचा, पुन्हा एथिक्स कमिटी, पुन्हा विद्यापीठ. थिसिस अंतिम परीक्षेच्या सहा महिने आधी जमा करावा लागतो. दुसऱ्या वर्षात हे गणित बसत नाही.

'दुसऱ्याचे पेपर वाचणं हे काय संशोधन?' असं तुम्ही विचारता. तुमच्याकडे खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्यांची तोंडं उघडेनाशी झालेली तुम्ही पाहिली असतील. त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. त्यावर लायकोपीन द्यावं, गालात स्टेरॉइडची इंजेक्शनं द्यावीत की तोंड उघडण्याचे व्यायाम करून घ्यावेत, याचे छोटे-छोटे अभ्यास ठिकठिकाणी विखुरलेले आहेत. तालुक्याचा डॉक्टर ते सगळे शोधत बसत नाही, त्यांचा एक सिस्टिमॅटिक रिव्ह्यू वाचतो आणि औषध लिहितो. अभ्यास कुठे शोधले, कोणत्या तारखेपर्यंत शोधले, कोणते टाकून दिले आणि का, हे रिव्ह्यूत लिहिलेलंच नसेल तर त्याला तो निष्कर्ष डोळे मिटून मानावा लागतो. तुमची मुलगी हेच तपासते आहे. पाव्हण्यांना एवढंच सांगा.

आता मुलीसाठी. तुझ्या चार ओळींत एक मोठी चूक आहे, आणि ती वडिलांनाही समजेल.

सोयाबीनची बॅग घ्या. लेबलवर लॉट नंबर, उगवण किती टक्के, तपासणी कधी झाली, मुदत कधीपर्यंत, सगळं छापलेलं असतं. लेबल पूर्ण भरलंय म्हणून बियाणं उगवेलच असं कोणता कास्तकार मानतो? तो १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि ७० च्या खाली उगवले तर पेरत नाही. पण लेबलच कोरं असेल तर गोणपाटापर्यंतही जात नाही, बॅग परत करतो. प्रिझ्मा म्हणजे लेबल: काय केलं ते सांगितलंय का, एवढंच ते पाहतं. जे केलं ते बरोबर होतं का, यासाठी गोणपाट वेगळं आहे. अ‍ॅमस्टार २, रिव्ह्यूची पद्धत तपासणारं २०१७ चं साधन, १६ मुद्दे, त्यातले ७ कळीचे. त्यातही बेरीज नाही. कळीच्या मुद्द्यांत एकाहून जास्त दोष निघाले की रिव्ह्यू सरळ 'क्रिटिकली लो'. तू लेबल वाचून बियाण्याला 'चांगलं' म्हणते आहेस. गुणवत्तेचं मोजमाप म्हणून प्रिझ्मा वापरू नये, असं ते बनवणाऱ्यांनीच सांगितलंय. २० ची रेषा काढून टाक. ती कुठून आली असं परीक्षकानं विचारलं तर उत्तर नाही.

बेरीज आणखी एका कारणानं खोटी ठरते. ज्या रिव्ह्यूत मेटा-अ‍ॅनालिसिसच (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेलं गणित) नाही, त्याला तिच्याशी निगडित मुद्दे लागूच होत नाहीत. मग कुणाचे मार्क २७ पैकी, कुणाचे कमी मुद्द्यांपैकी. म्हणून निकाल मुद्द्यागणिक दे: रिव्ह्यूचा नोंदणी क्रमांक इतक्यांनी दिला, पूर्ण सर्च (कोणते शब्द टाकून अभ्यास शोधले ते) इतक्यांनी. 'लागू नाही' हा रकाना वेगळा ठेव.

मार्क जुळत नाहीत त्याचं कारणही इथेच आहे. २७ मुद्दे म्हणायला; उपमुद्दे मोजले तर ४२ होतात. १६अ मध्ये निवडीचा आकडेवार प्रवाह, शक्यतो फ्लो डायग्रामसह, आणि १६ब मध्ये पात्र वाटूनही वगळलेले अभ्यास कारणासकट. आकृती सगळे काढतात, दुसरं बरेच गाळतात. तू आकृती पाहून मार्क दिलास, मैत्रिणीनं १६ब नाही म्हणून कापला, आणि दोघींचं बरोबर! तेव्हा ४२ ओळींचा तक्ता कर आणि प्रत्येक ओळीपुढे आधीच नियम लिही. उदाहरणार्थ मुद्दा ७: सगळ्या डेटाबेसची पूर्ण सर्च, ओळीवार, मर्यादांसकट असेल तर 'हो'. नुसती पबमेड या एकाच डेटाबेसची असेल तर 'अर्धवट'. चार कीवर्ड दिले असतील तर 'नाही'. मग १० रिव्ह्यू दोघींनी एकमेकींना न विचारता तपासायचे, कप्पा (दोघींची उत्तरं किती जुळतात ते सांगणारा आकडा) ओळीवार काढायचा, जिथे घसरला तिथला नियम सुधारायचा. ते १० नव्या नियमानं पुन्हा तपासायचे आणि मगच बाकीचे. सुरुवातीला एक रिव्ह्यू दीड-दोन तास खाईल. खाऊ दे.

सप्लिमेंटरी फाइल उघडतेस ना? पूर्ण सर्च बहुतेक वेळा तिथेच असते. एकीनं ती उघडली आणि दुसरीनं नाही, एवढ्यानं कप्पा कोसळतो. आणि 'आम्ही प्रिझ्मा पाळला' हे वाक्य किंवा लेखकांनी स्वतः भरून जोडलेली चेकलिस्ट पुरावा मानू नकोस. त्यांनी दिलेला पान क्रमांक उघडून बघ, तिथे कधीकधी काहीच नसतं.

नमुन्यात २०२१ चे रिव्ह्यू आहेत का? प्रिझ्माची ही आवृत्ती, प्रिझ्मा २०२०, बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली मार्च २०२१ मध्ये. त्या वर्षी निघालेल्या पेपरांपैकी बरेच त्याआधीच लिहून पाठवलेले होते. नव्या फूटपट्टीनं त्यांना मोजणं अन्याय आहे. २०२२ च्या मध्यापासून पुढचे घे, आणि काय वगळलं व का, ते तुझ्या थिसिसमध्ये लिही. दुसऱ्यांकडे तेच मागते आहेस.

दातांच्या रिव्ह्यूत एक खास खोड असते. एका पेशंटच्या चार दातांवर उपचार होतात आणि चार दात चार स्वतंत्र माणसं असल्यासारखे मोजले जातात. मग कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरं उत्तर कोणत्या आकड्यांच्या दरम्यान असेल ती पट्टी) खोटाच अरुंद होतो आणि निकाल आहे त्याहून पक्का वाटतो. मोजणीचं एकक दात होतं की पेशंट, आणि मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये ते कसं हाताळलं, हा स्वतःचा एक जादा रकाना ठेव; प्रिझ्मात तो नेमका नाही. मला विचारशील तर तुझ्या थिसिसमधलं सगळ्यात उपयोगी पान तेच होईल. काढलेल्या दातांवर प्रयोगशाळेत केलेल्या बॉन्ड स्ट्रेंग्थच्या (दाताला भरण किती घट्ट चिकटतं त्याच्या) अभ्यासांचे रिव्ह्यू मात्र वेगळे काढ. पेशंट धरून लिहिलेले मुद्दे तिथे ओढूनताणून बसवावे लागतात.

मार्किंग करून देणारे कुणी एजंट पैसे घेऊन भेटतील. नको.

भाऊ, क्लिनिकचं विचारलंत. तिची बीडीएसची नोंदणी कुठे जात नाही, एमडीएसनंतर दारव्ह्यात क्लिनिक टाकायला कुणी अडवणार नाही. प्राध्यापकी, राष्ट्रीय आरोग्य अभियान, सरकारी दंतशल्यचिकित्सकाच्या जागा या नेहमीच्या वाटा आहेतच. जाहिरात निघाली की अर्ज भरायचा. कमी माहितीची वाट म्हणजे केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाचा २०१७ पासून सुरू असलेला एचटीएइन (हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट इन इंडिया) हा उपक्रम. कोणत्या उपचारावर सरकारनं पैसा घालावा हे तिथे पुराव्यावरून ठरवतात, आणि असले रिव्ह्यू वाचता येणारी माणसं त्यांना लागतात. पण कुठे जायचं हे थिसिस जमा झाल्यावर तिला विचारा, मला नको.