डावा हात आणि मुलाचे हेडफोन

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचलं. तुमच्या सव्वीस वर्षांच्या मुलाला आत्ता कुठे ऑटिझमचं निदान झालं. तो म्हणतो, ‘मी आजारी नाही, माझी घडणच वेगळी आहे.’ समारंभात हेडफोन लावून बसतो, मध्येच उठून जातो. परवा तर मावशीला चारचौघांत ‘गप्प बस’ म्हणाला. त्याच्या बाबांच्या मते हे सगळं फॅड आहे. आणि तुम्ही विचारता, आता सगळ्यालाच नॉर्मल म्हणायचं, तर नॉर्मल उरलं काय?

पण माझी नजर अडकली ती तुम्ही कंसात टाकलेल्या ओळीवर : ‘मीही डावरी होते. बाईंनी पट्ट्या मारून उजव्या हातानं लिहायला लावलं. काही बिघडलं नाही.’

ताई, त्या वर्गात डाव्या हातानं लिहिणं वावगं होतं आणि लहान मुलीच्या हातावर पट्टी मारणं नॉर्मल. तुमच्या डोळ्यांदेखत दोन्ही उलटं झालं. स्वीडननं १९७९ साली मुलांना घरातही मारायला कायद्यानं बंदी घातली, तसं करणारा तो पहिला देश. आता असे देश साठाहून जास्त आहेत. म्हणजे सगळंच चालवून घेतलं जातंय, असं नाही. काही गोष्टी नव्यानं चालतात, तशा काही चालेनाशा झाल्यात. आजारांच्या यादीचंही तेच. तिच्यात रोज भर पडते असं त्याच्या बाबांना वाटतं, पण जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० साली समलैंगिकता त्या यादीतून काढून टाकली, हेही त्यांना सांगा.

एक गोष्ट मला फार आवडते. १९५०च्या सुमारास अमेरिकी हवाई दलानं ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. कॉकपिट सरासरी माणसाच्या मापानं बांधलेलं, म्हणून दहाच्या दहा मापांत सरासरीच्या जवळपास बसणारे किती, ते एका तरुण अधिकाऱ्यानं मोजून पाहिलं. एकही निघाला नाही! मग वैमानिक बदलत बसण्याऐवजी पुढेमागे सरकणाऱ्या खुर्च्या आल्या.

तुमच्या घरातही खुर्चीच सरकवायची आहे. समारंभाला किती वेळ थांबायचं, बसायला शांत कोपरा कुठला, निघताना कुणाला सांगायचं, हे त्याच्याशी आधी बोलून घ्या. हेडफोन राहू देत. गोंगाट आपल्याला नुसता नकोसा होतो, त्याला कदाचित खरोखर सोसत नसेल. त्यालाच विचारा, इतकी वर्षं कुणी विचारलंय का?

मावशीचं मात्र वेगळं. आवाज न सोसणं ही त्याची घडण. ‘मला आता शांतता हवी आहे’ असं सांगणं त्याला शिकता येईल, आणि निदान झालं म्हणून मावशीचं मन दुखावलेलं पुसलं जात नाही. माफी त्यानं मागायला हवी, हवं तर चिठ्ठी लिहून. त्याच्या वतीनं तुम्ही मागू नका.

नातेवाइकांना काय सांगायचं, हे त्यालाच ठरवू द्या. निदान त्याचं आहे.

आणि ‘काही बिघडलं नाही’ म्हणता, तर एक विचारते. घरात कुणी नसताना सुरी कोणत्या हातात धरता? कळवा.

तुमची,
ताई