वेणी लेक का घालते?

गुहागरच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. वय ४३. श्रावणात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरली, उजव्या हातावर पडली, एक्स-रेत हाड शाबूत निघालं, मग मलम आणि शेक. आता दिवाळी होऊन गेली तरी खांदा दुखतोय, पण जानेवारीपासून जिममध्ये वजनं उचलायचीत. तोवर अंग सुस्त होऊ नये म्हणून काय करू, आणि ‘आधी हात बरा कर, मग जिम’ असं सासूबाई सारखं बोलतात त्यांना काय उत्तर देऊ, असं विचारलंय. दोन पानं सासूबाईंवर आणि मध्येच एक ओळ, ‘माझी वेणी हल्ली लेकच घालते, शाळेत जायच्या आधी.’

अगं बाई, तीन महिने झाले आणि तुझा हात डोक्यामागे जात नाहीये, हे तू असं जाता जाता सांगतेस? सासूबाई बरोबर बोलतायत, त्यांना कसलं उत्तर देतेस!

हाड शाबूत म्हणजे खांदा शाबूत असं नसतं गं. एक्स-रेत हाड दिसतं. खांद्याचा सांधा धरून ठेवणारे ४ स्नायू असतात, रोटेटर कफ म्हणतात त्याला, त्यांना हाडाशी जोडणारा स्नायुबंध फाटला असेल तर तो एक्स-रेत दिसत नाही, त्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. किंवा खांदा आखडलाही असेल, फ्रोझन शोल्डर, तो चाळिशी-पन्नाशीत बायकांना जास्त होतो, शुगर असेल तर आणखीनच, आणि सुटायला कधी कधी वर्ष-दोन वर्षंही घेतो. दोन्हींचे उपचार वेगळे. यातलं काय झालंय हे कळल्याशिवाय वजन उचलणं म्हणजे दुखणं वाढवून घेणं.

तेव्हा या आठवड्यात चिपळूणला हाडांच्या डॉक्टरकडे जा. सांग की पडल्यापासून हात वर जात नाही, वेणी घालता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येतं की नाही तेही सांग, आणि शुगर तपासून घे. डॉक्टरांनी हात धरून वर नेला तर जातो, पण तुला स्वतःला नेता येत नाही, की त्यांच्याकडूनही जात नाही, हे ते बघतीलच, त्यावरून बरंच कळतं. फिजिओ सांगितला तर रोज कर, मध्येच सोडू नकोस.

राहिलं अंग सुस्त होण्याचं. पाय तर धडधाकट आहेत ना? ओहोटीला चौपाटीवर ओल्या घट्ट वाळूत भरभर चाल, घरी खुर्चीवरून हात न टेकता उठबस कर, दम लागेपर्यंत कर. विहिरीचं पाणी मात्र ओढायचं नाही, हंडा नाही, माळ्यावरचं काही काढायचं नाही, ते घरातल्या बाकीच्यांना सांग. जिम कुठे पळून जात नाही, जानेवारीचं मार्च झालं तरी चालेल, पण डॉक्टर हो म्हणाले की सुरू नक्की कर, तुझी हौस मला मनापासून आवडली. चिपळूणला जाताना सासूबाईंनाच बरोबर घे, आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव.