थिकसेच्या पायऱ्यांवर विचारलंस ते

छकुली,

थिकसेच्या मठाच्या पायऱ्या उतरताना तू विचारलंस, "पप्पा, त्या छोट्या भिक्खूंना सगळं पाठ होतं. तू गप्प का होतास? आपण खरे बुद्धिस्ट आहोत ना?" मी धाप लागल्याचं निमित्त केलं. लडाखच्या उंचीवर धाप लागतेच, पण कारण ते नव्हतं.

तो मैत्रेय, पुढे येणाऱ्या बुद्धाची ती मूर्ती, आठवतो? 15 मीटरचा, दोन मजले भरून बसलेला. आपण वरच्या मजल्यावर शिरलो आणि चेहराच एकदम समोर आला. तू हात जोडलेस, मीही जोडले, पुढे काय करायचं ते सुचेना. पहाटेच्या पाठाला ड्रायव्हरकाका कानाशी म्हणाले, "सांग्ये म्हणजे बुद्ध." मग त्या घुमणाऱ्या आवाजात मी तेवढाच एक शब्द शोधत बसलो. तुझ्याएवढी पोरं किटल्या घेऊन लोण्याचा खारट चहा वाढत होती. खरं सांगतो, मला त्यांचा हेवा वाटला.

आमचा विहार म्हणजे नागपूरच्या वस्तीतली टिनाच्या छपराची एक खोली. सकाळी बालवाडी, रात्री अभ्यासिका, रविवारी वंदना. बुद्ध पौर्णिमेला खीर व्हायची. पातेल्याच्या बुडाची, जराशी लागलेली, ती मी मागून घ्यायचो.

तुझी आजी, माझी माय, 14 ऑक्टोबर 1956 ला 12 वर्षांची होती. दीक्षाभूमीवरच्या त्या लाखोंच्या गर्दीत बापाचं धोतर धरून उभी. बाबासाहेब सांगतील तसं सगळ्यांनी म्हटलं, तिनंही म्हटलं. घरी आल्यावर आज्यानं देव फडक्यात बांधले आणि नेऊन पाण्यात सोडले. भिंतीतली देवळी रिकामी झाली, तिथे मायची पाटी आली. माझ्या वेळीही कंपासपेटी त्याच देवळीत असायची. कोनाड्याच्या कडेला जुन्या तेलाचा काळा डाग होता, कितीदा चुना मारला तरी वर यायचा. माय म्हणायची, "म्या माह्या तोंडानं म्हटलं. कोनी म्हनून घेतलं नाही."

आणि मी तुला काय दिलं? लहानपणी आडनाव ऐकल्यावर माणसांचे चेहरे बदलताना पाहिले होते. टोरांटोत तुझ्या वाट्याला ते नको, एवढं एकच डोक्यात होतं. त्या नादात त्रिशरणही शिकवायचं राहिलं. कधी वाटतं, बरं झालं, मोकळी वाढलीस. त्या दिवशी पायऱ्यांवर मात्र वाटलं, चुकलो.

आपण खरे आहोत, बाळा. त्या मुलांइतकेच. फक्त आपल्याकडे ते डोंगरावर नव्हतं, देवळीत होतं, पुस्तकांच्या जागी.

तुला पाठ करायला लावणार नाही. मायच्या आवाजातलं "बुद्धं सरणं गच्छामि" माझ्या फोनमध्ये आहे, ती गेली त्याच्या आदल्या वर्षीचं. पाठवतोय. मधेच कुकरची शिट्टी होते आणि ती थांबते, "गॅस बारीक कर" म्हणते, आणि जिथे सोडलं तिथून पुढे म्हणते.

पप्पा