दुकानाचा इतिहास लिहायला घेणाऱ्यास

आजोबांपासून चालत आलेल्या अवजारांच्या दुकानाचा इतिहास लिहिताना आरंभ उद्घाटनाच्या छायाचित्रापासून न करता जुन्या खतावण्यांपासून करावा, कारण लोखंडी नांगर, डिझेल इंजिन, ट्रॅक्टर आणि ठिबक यांतले काय केव्हा आले आणि कोणाच्या उधारीवर गेले, हे तेथेच दिसते. कापूसवाल्याची उधारी दिवाळीनंतर फिटते, रावेर-यावलकडच्या केळीवाल्याची काढणीनुसार. जमेच्या तारखा तशा ताडून पाहाव्यात. ठिबक संच बनवणाऱ्या ‘जैन इरिगेशन’चे संस्थापक, जळगावचे भवरलाल जैन यांनी १९६३ साली रॉकेलविक्रीपासून सुरुवात केली होती, तेव्हा आपल्या आजोबांनी प्रथम घमेली विकली असल्यास ते खुशाल लिहावे. सुट्या भागांच्या काउंटरवरील वृद्ध मिस्त्रींना मात्र आधी गाठावे. मालकांपेक्षा त्यांनाच अधिक आठवते, असा माझा अनुभव आहे.