रेसिंग ड्रायव्हर व्हायचंय? मग एफ-वनच्या पलीकडेही बघ

अरे, कार्टिंग (छोट्या गो-कार्टच्या शर्यती), मग १५ व्या वर्षी एफ-४ (फॉर्म्युला रेसिंगची पहिली पायरी), मग एफ-३, एफ-२, ही शिडी सगळ्यांना पाठ असते, पण एफ-वनला सुपर लायसन्स (तिथे गाडी चालवायचा परवाना) लागतं आणि त्यासाठी तीन सीझनमध्ये मिळून शर्यतींच्या निकालांतून ४० पॉइंट्स हवेत. एफ-२ मध्ये पहिल्या तिघांत आलास तर ते एका झटक्यात मिळतात, तरी सीट (टीममधली जागा) मिळेलच असं नाही, कारण सीट्स जेमतेम विसेक आणि स्पॉन्सरचे पैसे कोण आणतो तेही बघतात.

म्हणून जीटी३ (स्पोर्ट्स कारच्या शर्यती) आणि एन्ड्युरन्स (अनेक तास चालणाऱ्या शर्यती) यांच्याकडे आत्तापासूनच लक्ष ठेव. तिथे हौशी श्रीमंत ड्रायव्हरसोबत गाडी शेअर करायला, त्याला शिकवायला प्रो (व्यावसायिक ड्रायव्हर) लागतात आणि त्याचे पैसे मिळतात (पोट त्यावरच चालतं बऱ्याच जणांचं). न्यूझीलंडचा ड्रायव्हर ब्रेंडन हार्टली एफ-वन टीम रेड बुलच्या ज्युनियर प्रोग्राममधून बाहेर पडला, पोर्शेकडून २०१७ ला ल मां (२४ तासांची शर्यत) जिंकला आणि त्याच वर्षी एफ-वनमध्ये आला!

आणि हो, सेशन संपलं की फोन काढू नकोस, इंजिनियरजवळ बस, टीममेटचा ब्रेकिंगचा ग्राफ तुझ्या ग्राफवर टाकून बघ, तो ब्रेक कुठे दाबतो त्यापेक्षा सोडतो कसा ते बघ, वेळ बहुतेक तिथेच जातो.