वाचक विचारतात : गावातल्या टेनिसवाल्यांचा सत्कार कसा करायचा?

प्रश्न : नमस्कार ताई, डिचोली तालुक्यातल्या एका लहानशा गावातून लिहितोय. आमच्याकडे एकच टेनिस कोर्ट आहे, मातीचं, भाटकाराने (म्हणजे जमीनमालकाने) दिलेल्या जागेत. शाळेतले एक मास्तर निवृत्त झाल्यावर तिथं मुलांना शिकवायला लागले, एक काका कोर्टाची सगळी निगा राखतात, गल्फला असलेले दोघं-तिघं सुट्टीवर येताना बॉल नि रॅकेटी घेऊन यायचे, आणि वरच्या वाड्यावरच्या एक काकी आहेत, त्या स्वतः कधी खेळल्या नाहीत पण गावातल्या मुली कोर्टावर आल्या त्या त्यांच्यामुळे. आता 25 वर्षं होतायत म्हणून सत्कार ठरलाय, पण मीटिंग झाली की भांडण ठरलेलं. कोण म्हणतो फक्त मास्तरांचा करा, कोण म्हणतो जागा दिली त्याचं नाव पहिलं, काका म्हणतात मला स्टेजवर बोलवूच नका. मंत्र्याला बोलवायचं की नाही हा वाद वेगळाच. काय करावं?

उत्तर : भांडण होतंय म्हणजे काम केलेली माणसं भरपूर आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त नावांची यादी जरा बाजूला ठेवा आणि कामांची यादी करायला घ्या. जागा कोणाची, पहिलं नेट कुठून आलं, पावसाळा संपला की कोर्ट कोण उभं करतं, पोरांना पणजी-मडगावला स्पर्धेला कोणाच्या गाडीतून नेलं, येताना उशीर झाला तर जेवायला कोणी घातलं. असं एकेक काम लिहीत गेलात की त्याच्यापुढे नाव आपोआप येतं, आणि कमिटीतल्या कोणाच्या डोक्यातही नव्हती अशी दोन-चार नावं नक्की येतात. दुसरं म्हणजे त्या कोर्टावर खेळून मोठी झालेली जी मुलं आज पुण्या-बेंगळुरूला नाहीतर तिथंच वाड्यावर आहेत त्यांना व्हॉट्सॲपवर फक्त दोन गोष्टी विचारा, तुझ्या हातात पहिली रॅकेट कोणी दिली आणि तू खेळ सोडायला निघाला होतास तेव्हा परत कोणी आणलं. कमिटीने ठरवण्यापेक्षा या पोरांनी सांगितलेलं खरं धरा, मला तरी तेच बरोबर वाटतं.

एक उदाहरण सांगते, लांबचं आहे पण तुमच्या गावाशी अगदी जुळतं. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात लिंचबर्ग नावाचं गाव, तिथं डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन म्हणून एक कृष्णवर्णीय डॉक्टर होते. कृष्णवर्णीय मुलांना तेव्हा बऱ्याच क्लबांची दारं बंद होती, तर या माणसाने आपल्या घराशेजारी कोर्ट करून घेतलं आणि दर उन्हाळ्यात मुलांना घरी ठेवून घेऊन शिकवलं. त्यांच्या हाताखालून गेलेली अल्थिया गिब्सन 1957 आणि 1958 ला विम्बल्डन जिंकली, आणि आर्थर ॲश 1975 ला. ते मुलांना सांगायचे की रेषेच्या बोटभर बाहेर पडलेला बॉलसुद्धा आत धरून खेळा, म्हणजे तुमच्यावर लबाडीचा आरोप करायला कोणाला जागाच राहणार नाही. किती विचार केलेला होता त्या माणसाने! आणि ॲश त्यांच्याकडे पोचला तोच मुळी रिचमंडच्या एका मैदानावर रॉन चॅरिटी नावाच्या तरुणाने त्याला आधी शिकवलं होतं म्हणून, आणि त्या मैदानाची देखभाल ॲशचे वडील करायचे. बघा, रखवालदार, पहिला शिकवणारा आणि घरचं कोर्ट देणारा अशी तिघंजण एका खेळाडूच्या मागे. न्यूपोर्टच्या आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेमने डॉ. जॉन्सनना घेतलं ते 2009 मध्ये, आणि ते वारले होते 1971 लाच. त्यांना ते बघायला मिळालं नाही याचं मला फार वाईट वाटतं, आणि म्हणूनच तुम्हाला कळकळीने सांगते की मास्तर, काका, काकी तिघंही हयात आहेत तोवर हे करा, पन्नाशीची वाट बघत बसू नका.

आता काकांचं. ते स्टेजवर येणार नाहीत तर त्यांना ओढू नका, सत्कारच कोर्टावर घ्या, सकाळी, ते रोज असतात त्या वेळेला. आपल्याकडे मातीचं कोर्ट सांभाळणं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळत नाही. चार महिने पाऊस कोसळतो, कोर्टावर घोट्याएवढं गवत येतं, शेवाळ धरतं, वरची माती वाहून जाते. गणेश चवथ झाली की हा माणूस पावडं घेऊन गवत खरवडणार, नवी माती चाळून पसरणार, पाणी मारणार, ओल नेमकी हवी तेवढी उतरली की रोलर ओढणार (ओल जास्त राहिली तर माती रोलरला चिकटते, कमी झाली तर बसतच नाही), मग दोरी धरून चुन्याच्या रेषा. 23.77 मीटर लांब आणि डबल्सला 10.97 मीटर रुंद कोर्ट दर वर्षी नव्याने आखायचं, आणि नेट मधोमध 91.4 सेंटिमीटर. जुने लोक त्याला टेप लावायचे नाहीत, एक रॅकेट उभी धरायची, तिच्या डोक्यावर दुसरी आडवी, की छत्तीस इंच बरोबर भरतात. तुमच्या काकांनाही हे येत असणार, त्या दिवशी मुलांसमोर त्यांनाच करून दाखवू दे, माइकवरच्या भाषणापेक्षा ते मुलांच्या जास्त लक्षात राहील.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहिते. काकांना कमिटी महिन्याला काय देते ते आधी बघा. मी एका ठिकाणी असं पाहिलंय की शाल घातली, फोटो काढले आणि त्या माणसाचे कित्येक महिन्यांचे पैसे द्यायचे बाकीच होते. तुमच्याकडे काही थकलं असेल तर सत्काराच्या आधी चुकतं करा, मंडप लहान केलात तरी चालेल. वर्गणी जास्त जमली तर त्यांच्या नावाने बँकेत ठेव करा नाहीतर आरोग्य विमा काढून द्या, आणि नवा रोलर घेणार असाल तर कुठला घ्यायचा ते त्यांनाच विचारून घ्या.

काकींचं नाव मात्र मी अगदी वर ठेवीन. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की घरचे म्हणतात पुरे झालं आता, संध्याकाळी उशीर होतो, कपडे तसले, लोक काय म्हणतील. अशा वेळी घरोघरी जाऊन मी घेऊन जाते नि मी परत आणून सोडते असं म्हणणारी बाई नसती तर तुमच्या कोर्टावर निम्मी पोरं आलीच नसती. पण त्यांना "खेळाडूंची माता" वगैरे लिहू नका हं, त्यांनी जे केलं ते जसंच्या तसं लिहा. मानपत्र तीन-चार ओळींचं पुरतं, काहीसं असं :

"संध्याकाळी सहाला तुम्ही दारात यायचात म्हणून आमच्या आईने आम्हाला सोडलं. अंधार पडेपर्यंत तुम्ही माडाखाली बसून राहायचात. आमच्यातल्या ज्या मुली आज शिकवतात त्या तुमचं बघून शिकवतात."

हे मी नुसतं नमुन्यादाखल लिहिलंय, तुमच्या मुलींनाच लिहू दे, आणि त्यांच्यातल्याच एकीला वाचू दे.

भाटकाराचे आभार जरूर माना, जागा नसती तर काहीच नसतं, पण नावांचा क्रम लावायची गरजच नाही. पत्रिकेत ज्या क्रमाने कामं झाली त्या क्रमाने लिहा, आधी जागा, मग कोर्ट, मग शिकवणं, वाद तिथंच मिटतो. मंत्री आले तर येऊ देत, पहिल्या रांगेत बसू देत, पण सत्कार जुन्या विद्यार्थ्यांच्या हातून करा. मास्तरांना मंत्र्याच्या हातून शाल मिळाली तर फोटो छान येईल, पण वीस वर्षांपूर्वी सर्व्हिस जमत नाही म्हणून रडणारं पोर आज बाप होऊन शाल घालतंय हे मास्तरांच्या दृष्टीने किती मोठं आहे!

त्याच दिवशी लहान मुलांची एक स्पर्धा ठेवा मास्तरांच्या नावाने, आणि ती दर वर्षी चालू ठेवा. मुलं लहान असतील तर पिवळा बॉल देऊ नका, लाल बॉल घ्या, तो बराच हळू येतो नि कमी उसळतो आणि साधारण 11 मीटरच्या छोट्या कोर्टावर खेळता येतं, म्हणजे तुमच्या एका कोर्टावर आडवी लहान कोर्टं आखून एकाच वेळी पुष्कळ मुलं खेळतील. जागतिक संघटनेचाही 2012 पासून नियम आहे की दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा बॉल चालत नाही. बक्षिसाला कप नको, रॅकेट द्या. खाऊला खाजं असू दे की, जत्रेसारखं वाटेल पोरांना.

प्रश्न : माझे बाबा एका क्लबात मार्कर होते, आता नाहीत. घरी त्यांची एक लाकडी रॅकेट आहे नि दोन फोटो. क्लबच्या स्मरणिकेत त्यांचं नावसुद्धा नाही. मी काही करू शकते का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : करू शकता, आणि कराच बाय. मार्कर म्हणजे दिवसभर मेंबरांशी खेळणारा, त्यांचा बॅकहँड सुधारून देणारा, पार्टनर आला नाही तर उभा राहणारा माणूस. बॉल बॉय म्हणून लागलेली मुलं बघून बघून शिकली, मग मार्कर झाली, पुढे कोच झाली, असं आपल्या देशात किती क्लबांत झालंय. आपल्या मिरामारच्या गास्पर दियश क्लबाचं नाव 1926 पासून आहे, म्हणजे टेनिस गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलंय, आणि एवढ्या वर्षांत गोव्यातल्या कोर्टांवर राबलेल्या अशा माणसांची लेखी नोंद फार थोडी आहे.

बाबांबरोबर खेळलेले जे मेंबर अजून आहेत त्यांच्याकडे जाऊन फोनवर रेकॉर्डिंग करा, प्रश्न साधेच ठेवा, ते किती वाजता यायचे, कोणाकोणाला शिकवलं, पगार काय होता, चिडायचे कशावरून. घाई करा, कारण हे मेंबरही आता वयस्कर असणार. फोटोंच्या मागे कोण, कुठे, कधीचा ते पेन्सिलीने लिहून ठेवा. मग दोन पानांचा मजकूर आणि फोटोंच्या प्रती क्लबला लेखी पत्रासोबत द्या, पुढच्या स्मरणिकेत घ्या म्हणून, आणि पत्राची पोच घ्या. मूळ फोटो नि रॅकेट मात्र कोणालाच देऊ नका, प्रदर्शनासाठी मागितली तरी दिवस संपल्यावर घरी आणा.

प्रश्न : गावातल्या कोचला सरकारी पुरस्कार मिळू शकतो का? — वाचक, पेडणे

उत्तर : देशपातळीवर कोचसाठी द्रोणाचार्य पुरस्कार आहे, 1985 पासून. पण टेनिसला तो पहिल्यांदा मिळाला 2020 मध्ये, नरेश कुमार यांना, तेव्हा ते 91 वर्षांचे होते. हेच ते डेव्हिस कप कॅप्टन, ज्यांनी 1990 मध्ये सोळा वर्षांच्या लिअँडर पेसला संघात आणलं. लिअँडर मूळचा आपल्या गोव्याचाच, त्याचे वडील वेस पेस 1972 च्या ऑलिंपिकमध्ये हॉकीचं ब्राँझ घेऊन आले होते. 2024 ला लिअँडर हॉल ऑफ फेममध्ये गेला खेळाडू म्हणून, आणि त्याच दिवशी विजय अमृतराज गेले ते खेळाला दिलेल्या योगदानासाठी, ज्यांच्या मद्रासच्या अकादमीत लिअँडर लहानपणी शिकला होता. शिकलेला आणि शिकवणारा एकाच दिवशी, मला ते फार आवडलं.

तुमच्या कोचसाठी सुरुवात राज्याच्या क्रीडा खात्यापासून आणि राज्य टेनिस संघटनेपासून करा. नुसतं "खूप सेवा केली" असं लिहून भागत नाही, कोणत्या वर्षी किती मुलं, त्यातली कोण राज्यात, विद्यापीठात, राष्ट्रीय स्पर्धेत खेळली, त्यांची सर्टिफिकेटं, वर्तमानपत्रांची कात्रणं हे सगळं एका फाइलीत लावा. ही फाइल कोच स्वतः कधीच करणार नाही, ती पालकांनी करायची असते. कोर्टावर नावाची पाटी लावायची असेल आणि जागा कोमुनिदादची (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची) असेल तर आधी त्यांची लेखी परवानगी घ्या, त्याला वेळ लागतो, आणि पाटी ग्रॅनाइटवर कोरून घ्या, पत्र्यावर रंगवलेली आपल्या पावसात टिकत नाही.