स्पॅनिशची शिकवणी लावण्याआधी

तुझा प्रश्न दोनदा वाचला. भुसावळची पोरगी, दहावीपर्यंत मराठी माध्यम, ऑगस्टमध्ये टेक्सासला बीएला येतेय आणि अभ्यासक्रमात चार सेमिस्टर परकीय भाषा बघून झोप उडालीय. ‘ताई, स्पॅनिशचा एक शब्द येत नाही. इथूनच क्लास लावून येऊ का? तिकडे ट्यूशन मिळते का, किती डॉलर लागतात?’ मी चोपड्याची, टेक्सासमधल्याच सॅन अँटोनियोत शिकले आणि इथेच राहिले. स्पॅनिशच्या पहिल्याच परीक्षेत आपटले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

क्लासचं नंतर बघू. आधी कॉलेजच्या अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायजरला ईमेल कर आणि विचार, ही अट मला लागू आहे का? ज्याची शाळा इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत झाली, त्याला बरीच विद्यापीठं ही अट माफ करतात. दहावीचं मार्कशीट आणि शाळेच्या माध्यमाचा दाखला स्कॅन करून ठेव. प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा, तेव्हा लेखी उत्तर घे. मला हे दुसरं सेमिस्टर संपता संपता कळलं, फी भरून मोकळी झाल्यावर! एक मात्र आहे, अट माफ झाली तरी तेवढे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे अभ्यासाचे गुण, मिळत नाहीत, त्या जागी दुसरे विषय घ्यावेच लागतात. म्हणून मला विचारशील तर माफी मिळाली तरी निदान दोन सेमिस्टर स्पॅनिश घे. या शहरात निम्म्याहून जास्त लोक लॅटिन अमेरिकी मुळांचे आहेत, शिकलेलं त्याच संध्याकाळी दुकानात वापरता येतं.

आता शिकवणी. आपल्याकडे क्लास म्हणजे सर फळ्यावर धडा पुन्हा शिकवतात, नोट्स देतात, परीक्षेआधी आयएमपी सांगतात. इथलं कॉलेजचं ट्यूटरिंग सेंटर तसं नसतं. तिथे तुझ्यापेक्षा वर्ष-दोन वर्षं पुढची मुलं बसतात, ज्यांनी तोच कोर्स चांगल्या ग्रेडने केलाय. बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे पडत नाहीत, फीमध्येच ते आलेलं असतं. मी पहिल्यांदा गेले, पुस्तक उघडलं आणि म्हटलं, चौथा धडा समजला नाही. समोरचा मुलगा म्हणाला, ‘त्यातलं काय?’ मला सांगता येईना. अर्धा तास दोघं एकमेकांकडे बघत बसलो, आणि मी बाहेर पडून ठरवलं की ही सोय बिनकामाची आहे.

बिनकामाची मीच होते. नंतर एका सिनियर मुलीने युक्ती सांगितली. तपासून आलेला गृहपाठ न्यायचा, त्यातल्या तीन चुकांना गोल करायचा आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा, इथे हे का चुकलं? उत्तर ऐकून तिथेच तसलं नवीन वाक्य बनवून दाखवायचं. दुसऱ्याच आठवड्यापासून जायला लाग. परीक्षेच्या आठवड्यात तिथे दिवाळीतल्या भुसावळ स्टेशनासारखी गर्दी असते.

प्राध्यापकांचे ऑफिस अवर्सही असेच. आठवड्यातले ठरावीक तास ते खोलीत तुमच्यासाठीच बसलेले असतात आणि आपली मुलं जात नाहीत, कारण सरांच्या केबिनमध्ये बोलावणं म्हणजे काहीतरी चुकलं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. जात जा. परीक्षा तेच काढणार असतात.

पण ट्यूटरकडून खरा फायदा मला कधी झाला सांगू? मी इंग्रजीतून स्पॅनिश समजून घेणं सोडलं तेव्हा. ‘मे गुस्ता एल मांगो’, म्हणजे मला आंबा आवडतो. आंबे अनेक झाले की ‘मे गुस्तान लोस मांगोस’, मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्याच्या मागे चालतं, अगदी आपल्यासारखं. वर्गातली अमेरिकन मुलं या एका वाक्यावर दोन आठवडे अडली होती, कारण इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता असतो. मी मात्र तेच वाक्य इंग्रजीतून फिरवून आणत होते! भूतकाळ दोन आहेत म्हणून सगळे रडतात. ‘फुई’ म्हणजे मी गेले, एकदाच, झालं. ‘इबा’ म्हणजे जायचे, रोज जायचे. जात होते यालाही ‘इबा’च. तू लहानपणी आजोळी जायचीस आणि परवा आजोळी गेलीस, यातला फरक तुला कोणी शिकवलाय का? ‘किएरो के बेंगा’ हे त्यांचं अवघड प्रकरण, म्हणजे त्याने यावं असं मला वाटतं. पण यातलं ‘यावं’ ओळखलंस की निम्मं काम झालं. उच्चारातही आपल्याला सोपं जातं. त्यांचे त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून. फक्त इंग्रजीच्या सवयीने ट आणि ड म्हणू नकोस.

अडेल ते ‘सेर’ आणि ‘एस्तार’मध्ये. दोन्हींना आपण ‘आहे’च म्हणतो. केळ्यावरून लक्षात ठेव. ‘एस बेर्दे’ म्हटलं तर केळं रंगाने हिरवं, ‘एस्ता बेर्दे’ म्हटलं तर अजून कच्चं आहे, पिकायचंय. रावेर-यावलच्या माणसाला हा फरक चुकणार नाही. गंमत म्हणजे केळ्याला सगळीकडे एकच शब्द नाही. मेक्सिकोत प्लातानो, कोलंबियात बानानो, व्हेनेझुएलात काम्बुर, पोर्तो रिकोत गिनेओ. म्हणून पैसे देऊन ट्यूटर घेणार असशील तर तो कुठला आहे ते विचार आणि तुझं पुस्तक कुठली स्पॅनिश शिकवतं तेही बघ. स्पेनमध्ये ‘तुम्ही लोक’साठी वेगळं सर्वनाम आणि वेगळी रूपं आहेत, अर्जेंटिनात ‘तू’साठीसुद्धा. अमेरिकेतल्या परीक्षेत ती सहसा लागत नाहीत.

वर्गात एक धक्का बसेल, त्यासाठी तयार राहा. शेजारची मुलं घरी स्पॅनिश बोलणारी असतील, पहिल्याच दिवशी धडाधड बोलतील. मी घाबरले होते. मग माझ्या शेजारच्याचा पेपर परत आला, लाल शाईने भरलेला. बोलायचा झकास, पण आजीकडून ऐकलेलं जसंच्या तसं लिहायचा. मला आमच्या शाळेतली मुलं आठवली, घरी अहिराणीत ‘काय करी ऱ्हायना’ म्हणणारी आणि मराठीच्या तासाला ‘आहे’च्या जागी ‘शे’ लिहून छड्या खाणारी. मी त्याला हे सांगितलं तर तो चकित झाला. पुढे वर्षभर मी त्याला व्याकरणाचे तक्ते समजावले, त्याने मला बोलतं केलं. एक डॉलर खर्च न होता मिळालेली ती सर्वांत चांगली शिकवणी. काही कॉलेजांत अशा मुलांसाठी वेगळा वर्ग असतो. तसं असेल तर गप्पांचा स्पॅनिश कट्टा भरतो का, ते भाषा विभागात विचार.

पैसे देऊन ट्यूटर केव्हा घ्यायचा? बोलण्याच्या सरावासाठी. इटॉकी, प्रेप्ली यांसारख्या ऑनलाइन शिकवणीच्या साइटवर कोलंबिया-ग्वाटेमालाचे शिक्षक मिळतात, मी तासाला 12 डॉलर देत होते. शहरातल्या ट्यूटरने त्याच्या तिप्पट सांगितले. आधी एकच तास घे, पाच-दहा तासांचं पॅकेज लगेच विकत घेऊ नकोस. माझा पहिला ट्यूटर गोड बोलायचा, पाऊण तास स्वतःच बोलायचा आणि मी मान डोलवायचे. दुसऱ्याने माझा निबंध इतका ‘सुधारला’ की प्राध्यापकांनी बोलावून त्यातल्या एका क्रियापदाचा अर्थ विचारला. मला आला नाही. त्या निबंधाला शून्य मिळालं आणि ताकीदही. तेव्हा ट्यूटरला चूक दाखवू दे, लिहू देऊ नकोस. भाषांतराच्या अ‍ॅपचंही तेच. चौथ्या धड्यातल्या मुलीने बाराव्या धड्यातलं रूप लिहिलं की कळतंच.

एफ-1, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसाची एक गोष्ट गाठ मारून ठेव. दर सेमिस्टरला किमान 12 क्रेडिट लागतात आणि त्यात ऑनलाइनचा फक्त एक कोर्स, म्हणजे 3 क्रेडिट, धरला जातो. स्पॅनिश जड जातंय म्हणून वर्ग सोडलास आणि 12 च्या खाली गेलीस तर व्हिसाच अडचणीत येतो. सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात विचार, नंतर नाही. आणि तू गणितात हुशार आहेस म्हणतेस, तर बाहेर पैसे घेऊन कुणाच्या शिकवण्या घेऊ नकोस, ते चालत नाही. कॉलेजच्या ट्यूटरिंग सेंटरमध्ये काम मिळालं तर चालतं, सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत.

राहिला तुझा मूळ प्रश्न, इथूनच क्लास लावू का. त्यासाठी पुण्याला खोली घेऊन राहू नकोस. जूनपासून आठवड्यातून दोनदा, सकाळी सातला ऑनलाइन बस, तेव्हा कोलंबियात आदल्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. लाइट जाते म्हणून फोन चार्ज ठेव. उच्चार, शंभरपर्यंत आकडे आणि वर्तमानकाळ एवढंच कर. जास्त शिकून आलीस आणि कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणाऱ्या प्लेसमेंट टेस्टमध्ये चुकून वर चढलीस, तर दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसवतील आणि मग खरंच ट्यूशन लागेल.

लॅपटॉपवर स्पॅनिश कीबोर्ड आत्ताच टाकून घे. तिथे एन अक्षरावर लाट असते, उच्चार न्य. मी 18 वर्षांची आहे, हे लिहिताना ‘आन्योस’वरची ती लाट राहिली तर वाक्याचा अर्थ असा होतो की तो मी इथे लिहूही शकत नाही. मी पहिल्या गृहपाठात ते लिहिलं होतं. बाईंनी फक्त समासात हसरा चेहरा काढला.